बिनतारी चार्जिंग : चैन, सोय की गरज?

दिवाळीच्या आसपास नवा फोन घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार हमखास विचारतो, ‘वायरलेस चार्जिंगचा दाखवू का?’ अशा फोनची किंमत थोडी वरची असते आणि चार्जिंगची चकती बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागते. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस सगळ्यांना तिचे अप्रूप असते. फोन नुसता चकतीवर टेकवला की पडद्यावर बॅटरीचे चित्र हलू लागते. तिसऱ्या दिवशी लक्षात येते, की चकतीलाही एक वायर आहेच आणि ती भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जातेच. शिवाय फोन उचलून कानाला लावला की चार्जिंग थांबते. वायर लावलेली असती तर निदान बोलता बोलता तरी तो चार्ज झाला असता. मग घरातले कुणीतरी विचारते, की हे नेमके कशासाठी घेतले?

प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. एखादे औषध चांगले की वाईट, असे कुणी विचारले तर त्याला नुसते हो किंवा नाही असे उत्तर नसते. ते कुणाला द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे पाहिल्यावरच बोलता येते. बिनतारी चार्जिंगलाही हाच नियम लावून पाहायला हवा. वायर गेल्यामुळे नेमकी कुणाची कोणती अडचण दूर झाली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहायला हवे.

इंडक्शन शेगडीचे धाकटे भावंड

यामागचे तत्त्व जुनेच आहे. तारेच्या एका वेटोळ्यातला विजेचा प्रवाह बदलत राहिला, तर त्याला न जोडलेल्या शेजारच्या वेटोळ्यातही वीज तयार होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. शाळेच्या पुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो आणि स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडीही. शेगडीच्या काचेखाली तारेचे वेटोळे असते. त्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा बदलते. त्यामुळे वर ठेवलेल्या लोखंडी तव्यातच प्रवाह खेळू लागतो आणि तवा तापतो.

चार्जिंगची चकती म्हणजे या शेगडीचे धाकटे भावंड. इथे प्रवाहाची दिशा सेकंदाला साधारण एक ते दोन लाख वेळा बदलते. समोर तव्याऐवजी फोनच्या पाठीत बसवलेले दुसरे वेटोळे असते. त्यात तयार झालेली वीज बॅटरीत भरली जाते. शेगडी दोन हजार वॉटची असते, चकती पाच ते पंधरा-वीस वॉटची, एवढाच काय तो वकुबातला फरक. चकती आणि फोन यांच्यात नाणे, किल्ली किंवा कव्हरला चिकटवलेली धातूची अंगठी आली, तर ती तव्यासारखीच तापू शकते. चांगल्या चकत्या अशी आगंतुक वस्तू ओळखून स्वतः बंद होतात. रस्त्यावरच्या दोनशे रुपयांच्या चकतीकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

दोन वेटोळी एकमेकांपासून काही मिलिमीटरवर आणि बरोबर समोरासमोर असली तरच हा व्यवहार नीट होतो. फोन बोटभर सरकला तरी वीज वाया जाऊ लागते. चकती कपाटावर ठेवावी आणि फोन खिशातच चार्ज व्हावा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते, पण या तंत्रात ते शक्य नाही. फोनसाठी सर्व कंपन्यांना चालेल असे एक मानक २०१० मध्ये आले. त्याचे नाव ‘ची’. प्राणशक्ती या अर्थाचा हा चिनी शब्द आहे. २०१७ मध्ये आयफोनने ते स्वीकारल्यावर ते घराघरात पोहोचले.

‘रेडिएशन’च्या भीतीबद्दल दोनच वाक्ये पुरेत. या लहरी रेणूंचे बंध तोडू शकत नाहीत, त्या एक्स-रेच्या जातकुळीच्या नाहीत आणि चकतीपासून थोडे दूर गेले की त्यांचे क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. उशाशी चकती ठेवल्याने कर्करोग होतो, असे सांगणारे जे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते पुढे न पाठवलेलेच बरे.

किंमत उष्णतेत मोजायची

खरी किंमत वेगळीच आहे. चकतीच्या वेटोळ्यात, फोनच्या वेटोळ्यात आणि एसी विजेची डीसी करताना, अशी तिन्ही ठिकाणी थोडी थोडी वीज उष्णता होऊन जाते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका तंत्रज्ञान-पत्रकाराने पिक्सेल ४ या फोनवर मोजमाप केले. पूर्ण उतरलेली बॅटरी वायरने भरायला सुमारे १४ वॉट-तास वीज लागली, तर चकतीवर सरासरी २१ वॉट-तास, म्हणजे जवळपास दीडपट.

दीडपट ऐकून कुणीही दचकेल, पण हिशेब पुरता करावा. रोज सात वॉट-तास जास्त, म्हणजे वर्षाला सुमारे अडीच युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाचे पंचवीस रुपये होतात. एका घराच्या वीजबिलात ते कुठे दिसणारही नाहीत. पण एक कोटी फोन असेच चार्ज होऊ लागले तर अडीच कोटी युनिट नुसती हवा गरम करण्यात जातील. उन्हाळ्यात अजूनही जिथे भारनियमन सोसावे लागते, त्या गावांनी या आकड्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

फोनच्या मालकाला मात्र बिलापेक्षा उष्णतेची काळजी करायला हवी. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एकच फोन तीन पद्धतींनी चार्ज करून त्याचे तापमान मोजले. वायरने चार्ज करताना ते सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही. चकतीवर नीट मधोमध ठेवलेला फोन ३०.५ अंशांपर्यंत गेला आणि नंतर हळूहळू निवला. चकतीवर तिरका ठेवलेला फोनही तेवढाच तापला, पण लवकर तापला आणि कितीतरी जास्त वेळ तसाच राहिला. नीट ठेवलेल्या फोनला हे वरचे तापमान ५५ मिनिटे सोसावे लागले, तिरक्या ठेवलेल्याला १२५ मिनिटे.

तीन-साडेतीन अंशांनी काय होते, असे वाटेल. लिथियम-आयन बॅटरीचे म्हातारपण हे रासायनिक क्रियांचे काम आहे आणि उष्णतेत त्या क्रिया वेग घेतात. ताप आलेल्या माणसाची नाडी जशी वाढते, तसेच काहीसे. एका रात्रीत काही बिघडत नाही, पण दोन-तीन वर्षांत फरक पडतो. त्यातही हा प्रयोग विलायतेतल्या गार खोलीतला होता. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर किंवा जळगावला बाहेर ४३-४४ अंश असताना, पत्र्याच्या छपराखाली फोन मुळातच तापलेला असतो. अशा वेळी चकतीवर ठेवलेला फोन बऱ्याचदा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा थांबवतो. लोक मग चकती खराब निघाली म्हणून दुकानात परत नेतात. फोन बिचारा स्वतःचा जीव वाचवत असतो. मोटारीच्या डॅशबोर्डवर उन्हात बसवलेल्या चकतीबद्दल तर बोलायलाच नको.

वेगातही वायर पुढे आहे. आज मध्यम किमतीच्या फोनसोबतही ६०-८० वॉटचे चार्जर येतात आणि अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी बऱ्यापैकी भरते. चकतीला त्यासाठी दीड-दोन तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणजे ज्याचे हात-डोळे शाबूत आहेत आणि ज्याला रोज एकदा पिन लावायला काही अडचण नाही, त्याने चकतीवर पैसे घालण्याचे विशेष कारण दिसत नाही. घेतली तर चैन म्हणून घ्यावी. चैनीत वाईट काहीच नाही, फक्त तिला बचत किंवा प्रगती असे नाव देऊ नये.

पण ज्यांचे हात थरथरतात

आता दुसरा माणूस पाहू. वय सत्तरीच्या पुढे. कंपवातामुळे, म्हणजे पार्किन्सनमुळे, हात थरथरतो किंवा संधिवाताने बोटे वाकडी झाली आहेत. किंवा मधुमेहाने नजर अधू झाली आहे आणि बोटांच्या टोकांना पूर्वीसारखे जाणवत नाही. अशा माणसाला रात्री अंधारात फोनच्या तळाशी असलेल्या आठ-नऊ मिलिमीटरच्या फटीत पिन घालायची असते. चार वेळा चुकते, पाचव्या वेळी जोर लावला जातो आणि फोनचे भोक ढिले होते. मग चार्जिंग ‘लागल्यासारखे’ दिसते, प्रत्यक्षात लागलेले नसते. सकाळी फोन बंद. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत फोन बंद असणे ही गंभीर गोष्ट आहे. रात्री छातीत दुखले तर १०८ ला फोन करायचा तोच असतो. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेल्या मुलांना ‘आई ठीक आहे ना’ हे कळण्याचे साधनही तोच असतो.

अशा घरात चकती ही नवलाई राहत नाही. फोन ठरलेल्या जागी ठेवला की काम झाले. त्यातही पाठीत चुंबक असलेले फोन चकतीवर आपोआप बरोबर जागी चिकटतात, त्यामुळे तिरका ठेवण्याचा आणि त्यातून वाढणाऱ्या उष्णतेचा प्रश्नही मिटतो. २०२० मध्ये आयफोन १२ मध्ये असे चुंबकांचे कडे आले आणि २०२३ मध्ये ‘ची’च्या नव्या आवृत्तीत तीच कल्पना सर्वांसाठी खुली झाली. साध्या फोनला मागून चिकटवायच्या चुंबकी कड्या आणि कव्हरही बाजारात सर्रास मिळतात. ज्येष्ठांसाठी यापेक्षा सोयीची गोष्ट नाही, असे म्हणावेसे वाटते.

पण थांबायला हवे ते इथेच. ज्या वयात हात थरथरतात, त्याच वयात छातीत पेसमेकर बसवलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

वरच्या खिशातला फोन

पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर (डॉक्टर त्याला आयसीडी म्हणतात) बहुतेक वेळा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. आपल्याकडे शर्टाचा वरचा खिसा असतो तोही डावीकडेच. पेन, चष्मा, औषधाची चिठ्ठी आणि फोन यांची ही पिढीजात जागा. यंत्र आणि फोन यांच्यात मग कातडी, बनियन आणि शर्टाचे कापड एवढेच अंतर उरते.

या यंत्रांना चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी विजेच्या उपकरणाने ऊती कापतात किंवा रक्तस्राव थांबवतात. त्या विजेला यंत्राने हृदयाची धडधड समजू नये म्हणून डॉक्टर त्यावर चुंबक ठेवतात. चुंबक जवळ आले की पेसमेकर हृदयाचे ऐकणे सोडून ठरावीक वेगाने ठोके देत राहतो. आयसीडीवर चुंबक ठेवले तर ते असेपर्यंत यंत्र झटका देत नाही. हृदयाची लय जीवघेणी बिघडल्यावर विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणणे, हेच तर आयसीडीचे काम. शस्त्रक्रियागृहात जे सोयीचे आहे, ते खिशात नकळत घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. यंत्र जागे व्हायला फार मोठे चुंबकही लागत नाही, दहा गॉसचे क्षेत्र पुरते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या हृदयतज्ज्ञांनी २०२१ च्या सुरुवातीला हेच दाखवून दिले. आयसीडी बसवलेल्या एका रुग्णाच्या छातीवर त्यांनी आयफोन १२ धरला. फोन जवळ येताच यंत्राने झटका देण्याची तयारी थांबवली आणि फोन तिथे असेपर्यंत ती थांबलेलीच राहिली. त्याच वर्षी ब्राऊन विद्यापीठाच्या गटाने तीन रुग्णांवर तपासले, तेव्हा तिघांच्याही यंत्रांवर परिणाम दिसला. शरीराबाहेर ठेवलेल्या अकरा नव्या यंत्रांपैकी आठांवरही तो दिसला.

यात घाबरण्यासारखे किती आणि सावध राहण्यासारखे किती, हे वेगळे करायला हवे. परिणाम चुंबक जवळ असेपर्यंतच टिकतो. फोन दूर केला की यंत्र आपोआप पूर्वीसारखे काम करू लागते, ते बिघडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही मे २०२१ मध्ये धोका कमी असल्याचे सांगितले, पण असे फोन आणि मनगटी घड्याळे यंत्रापासून सहा इंच दूर ठेवावीत, असा सल्ला दिला. फोन बनवणाऱ्या कंपनीची सूचनाही तशीच आहे. एरवी सहा इंचांपेक्षा जास्त अंतर आणि बिनतारी चार्जिंग चालू असताना बारा इंचांपेक्षा जास्त. आपल्या मापात सांगायचे तर एरवी वीतभर आणि चार्जिंग चालू असताना हातभर अंतर ठेवले की दोन्ही सूचना पाळल्या जातात.

म्हणजे पेसमेकर असलेल्या आजोबांनी चकती वापरायचीच नाही, असे नाही. चकती खाटेवर, छातीजवळ किंवा उशीखाली नको, टेबलावर असावी. फोन वरच्या खिशात नको, पॅन्टच्या खिशात किंवा पिशवीत चालेल. नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या आजी फोन ब्लाउजमध्ये खोचतात, ही सवय तर आधी सोडवायला हवी. फोन कानाला लावायचा तो यंत्राच्या उलट बाजूच्या. हे सगळे नियम चुंबकी कड्या, चुंबकी कव्हर आणि इअरफोनची चुंबकी डबी यांनाही लागू आहेत. घरात इंडक्शन शेगडी असेल तर यंत्र आणि शेगडी यांच्यात दोन फुटांचे अंतर सांभाळावे. डोक्यात साठलेले पाणी काढण्यासाठी बाहेरून जुळवता येणारी शंट बसवलेल्या रुग्णांनीही चुंबकी फोन त्या बाजूला टेकवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. काही जुन्या शंटचे मोजमाप चुंबकाने बदलू शकते. नातवाने प्रेमाने आणलेली चकती परत करण्याची गरज नाही, पण पेसमेकरच्या पुढच्या तपासणीला जाताना तिचा उल्लेख जरूर करावा.

मात्र ज्या पेसमेकरला या चकतीपासून जपायचे, तो स्वतः पहिल्यांदा माणसाच्या शरीरात गेला तेव्हा चार्ज होत होता तो बिनतारीच.

स्टॉकहोम, १९५८

आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हृदयातले विजेचे संदेशवहन संसर्गानंतर बिघडले होते. दिवसातून वीस-तीस वेळा हृदय थांबायचे आणि त्यांना शुद्धीवर आणावे लागायचे. त्यांच्या पत्नीने कॅरोलिन्स्का संस्थेतले शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि अभियंते रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. यंत्र अजून तयार नव्हते, पण त्या ऐकेनात. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला, पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर बसवला गेला. तो होता बूट-पॉलिशच्या डबीएवढा, अ‍ॅराल्डाइटसारख्या इपॉक्सीत ओतलेला. आत दोन छोट्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. त्या भरायच्या कशा? पोटावर बाहेरून तारेचे एक मोठे वेटोळे चिकटवायचे आणि त्यात सेकंदाला दीड लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडायचा. आजची फोनची चकती याच टप्प्यात काम करते.

पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, मग राखीव ठेवलेले दुसरे बसवले. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रे लागली. पण ते जगले, कामधंदा केला आणि २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले. त्यांचा जीव वाचवणारे अभियंते आणि शल्यचिकित्सक दोघेही त्यांच्याआधी वारले होते.

इतक्या झोकात सुरू झालेले बिनतारी चार्जिंग पेसमेकरमध्ये टिकले मात्र नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बाहेरून चार्ज होणारे पेसमेकर पुन्हा आले. रुग्णाने आठवड्यातून एकदा चार्जर अंगावर चढवून तासभर बसायचे. पण १९७२ पासून लिथियम-आयोडीनच्या बॅटऱ्या वापरात आल्या, ज्या एकदा बसवल्या की वर्षानुवर्षे चालत. आजचा पेसमेकर साधारण आठ-दहा वर्षे बॅटरी न भरता चालतो, कारण त्याला वीज लागते ती वॉटच्या काही लाखाव्या भागाएवढी. चार्ज करायचेच नसेल तर बिनतारी चार्जिंगचे कौतुक कशाला? शिवाय दर आठवड्याला आठवणीने चार्ज करणे ही म्हाताऱ्या, विसरभोळ्या रुग्णाच्या डोक्यावर टांगलेली तलवारच. फोन चार्ज करायला विसरलो तर फोन बंद पडतो, पण इथे काय बंद पडले असते?

वीज जास्त लागणाऱ्या यंत्रांत मात्र बाहेरून चार्जिंग परतले. कंपवातासाठी मेंदूत तारा सोडून छातीत बसवतात त्या उत्तेजकाची साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. चार्ज होणारे यंत्र पंधरा वर्षांच्या आसपास चालते. तिथेही डॉक्टर आधी पाहतात ते रुग्णाचा विसराळूपणा आणि घरात चार्जिंगकडे लक्ष देणारे कुणी आहे की नाही. नसेल तर जुनी, न भरायची बॅटरीच बरी.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये तर बिनतारी विजेला पर्यायच नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कवटीवर, कातडीखाली एक वेटोळे बसवतात आणि त्याच्या तारा कानाच्या शंखात जातात. बाहेर, केसांवर चुंबकाने चिकटणारी रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती असते. आतल्या भागाला स्वतःची बॅटरीच नसते. आवाजाचा संदेश आणि यंत्र चालवणारी वीज, दोन्ही बाहेरच्या चकतीतून काही मिलिमीटर जाडीच्या कातडीपलीकडे जातात. सुरुवातीच्या काळात एका बनावटीत यासाठी चक्क कातडीतून बाहेर आलेला प्लग होता. पोर खेळताना पडले, मार लागला, जखम चिघळली तर काय, याची कल्पनाच करवत नाही. ही शस्त्रक्रिया आता केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळते आणि त्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते. ज्या घरात बिनतारी चार्जिंगचा फोन कधी येणार नाही, अशाही घरातली मुले शाळेत बाईंचे बोलणे ऐकतात, ते या तंत्रामुळे.

हृदयाचे काम उचलणाऱ्या पंपाची अडचण याहून मोठी आहे. डावी जवनिका थकलेल्या रुग्णाला तो बसवतात. त्याला पेसमेकरसारखी चिमूटभर वीज पुरत नाही, चार-पाच वॉट सतत लागतात. ‘ची’ मानकाची पहिली चकती फोनला जास्तीत जास्त पुरवायची साधारण तेवढीच. त्यामुळे पंपाची केबल पोटाच्या कातडीतून बाहेर काढून कमरेच्या बॅटऱ्यांना जोडावी लागते. त्या छिद्रातून होणारा जंतुसंसर्ग ही अशा रुग्णांमधली नेहमीची गुंतागुंत आहे. ती बरी व्हायला चिवट असते आणि कधी कधी जिवावर बेतते. पोहणे बंद, अंघोळही जपूनच.

ही केबल काढून टाकण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत २००१ मध्ये झाला. लुईव्हिल शहरात २ जुलै रोजी एका ५९ वर्षांच्या रुग्णाला अबिओकोर हे संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले. त्याला वीज जायची ती कातडीपलीकडून, वेटोळ्यांमधून. शरीराबाहेर एकही वायर नव्हती. आतली छोटी बॅटरी अर्ध्या तासाची होती, तेवढ्या वेळात बाहेरचे सगळे काढून अंघोळ करता येई. रुग्ण १५१ दिवस जगला. ते यंत्र पुढे फारसे चालले नाही, त्याची कारणे वेगळी होती, पण बिनतारी विजेवर माणसाचे हृदय चालू शकते हे त्या रुग्णाने दाखवून दिले.

मग वीस-पंचवीस वर्षांत हे सगळीकडे का पोहोचले नाही? फोनला जी अडचण आहे, तीच इथे आहे, फक्त तिचे रूप भयानक आहे. रुग्ण कूस बदलतो, वाकतो, त्याचे वजन कमी-जास्त होते आणि वेटोळी सरकतात. सरकली की वीज उष्णता होऊन वाया जाते. चकतीवर तिरका ठेवलेला फोन तीन अंशांनी तापला तर त्याची बॅटरी लवकर म्हातारी होईल. कातडीखालची ऊती मात्र दोन-तीन अंशांची सततची वाढही सोसत नाही. म्हणून संशोधक आता कातडीखालच्या छोट्या वेटोळ्याऐवजी छातीभोवती बसणारे मोठे वेटोळे आणि बाहेरून बांधायचा पट्टा, अशा रचना करून पाहत आहेत. तोवर या पंपाच्या रुग्णांच्या पोटातून केबल बाहेर येतेच आहे आणि तिच्या मुळाशी असलेले ड्रेसिंग घरातल्या कुणीतरी हात स्वच्छ धुऊन, हातमोजे घालून, नेमाने बदलावे लागते.